वेलांटीबाईंची शुद्ध

माझ्या रोजच्या वहीत लाल शाई आहे, ती माझी नाही. ती वन्संची, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहिणीची. लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात मी वही उघडी टाकून स्वयंपाकघरात धावले, आणि परत येऊन बघते तो वन्सं वहीवर वाकलेल्या. ‘दुध उतू गेले’ असं मी लिहिलं होतं. त्यातल्या ‘दु’भोवती त्यांनी लाल गोल केला होता. म्हणाल्या, “उतू गेलं ते गेलं. निदान दीर्घ तरी जाऊ दे.”

मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी वही त्यांच्याकडे जाते आणि गोवर आल्यासारखी लाल ठिपक्यांनी भरून परत येते.

वन्सं छापखान्यात प्रूफं तपासतात. विसाव्या वर्षी त्या खुर्चीत बसल्या, आता एकोणसाठ. खुर्ची दोनदा बदलली, माणूस तेच. छापखान्यात त्यांना पाठीमागे ‘वेलांटीबाई’ म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. एकदा नव्या माणसानं चुकून तोंडावरच म्हटलं, तर म्हणाल्या, “नुसतं वेलांटी काय? पहिली की दुसरी ते सांगावं माणसानं.” लग्न केलं नाही. का, म्हणून मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “एकाचं पत्र आलं होतं. चांगलं होतं. सात चुका होत्या.”

देवधर्माशी त्यांचं वाकडं नाही, पण जवळीकही नाही. माझं तसं नाही. माझ्या वहीचं प्रत्येक पान देवाच्या ओळीनं सुरू होतं: ‘देवा, तुझी क्रुपा असू दे.’ आईनं शिकवलेली ओळ. आईला लिहिता यायचं ते असंच. वन्संनी दुसऱ्याच दिवशी ‘क्रु’ला गोल केला आणि शेजारी ‘कृ’ लिहिला. त्या दिवशी मात्र मी रडले नाही. म्हटलं, “वन्सं, बाकी वही तुमची. ही ओळ माझी आणि देवाची. हिला हात लावायचा नाही.”

“का? देवाला ऋ येत नाही?”

“देवाला सगळं येतं. म्हणून तर मला नाही आलं तरी चालतं.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, “शब्द दिला.” आणि पाळला. सव्वीस वर्षं ती क्रुपा त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखी खुपत राहिली असणार, पण लाल शाईचा थेंबसुद्धा त्या ओळीवर पडला नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं या ओळीवरच आलं.

तरुणपणी वन्संचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा रक्त चढवलं होतं. त्या रक्तातून काविळीचा विषाणू आला आणि गुपचूप यकृतात बिऱ्हाड करून बसला. सहा वर्षांपूर्वी कळलं तोवर यकृत निबर झालेलं. औषधानं विषाणू गेला, निबरपणा राहिला. शेजारणीला यकृत म्हटलं की एकच गोष्ट सुचते. गॅलरीतून मान वाकडी करून तिनं विचारलं, “घेतात की काय हो बाई?” वन्संनी आतूनच उत्तर दिलं, “घेते ना, रोज. दुसऱ्यांच्या चुका.”

पाय सुजतील, थकवा येईल, हे आम्हाला सांगितलं होतं. डोक्याचं कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि आमच्या कानांवरून गेलं, देव जाणे.

गेल्या वर्षी सुरुवात झाली ती झोपेपासून. रात्री टक्क जाग्या आणि दिवसा प्रूफांवर मान टेकलेली. मग चिडचिड. चिडणं नवं नव्हतं, पण वन्सं चिडायच्या त्यात गंमत असायची, ती गेली. आणि एक दिवस मी वहीत ‘आशिर्वाद’ असं लिहिलं, आणि वही कोरी परत आली. लाल म्हणून काही नाही! मला इतका आनंद झाला की वही घेऊन यांच्याकडे गेले. “बघा, सव्वीस वर्षांत एकदाचं सगळं बरोबर आलं.” आमचे हे चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात, त्यांना बारीक दिसतं. ते म्हणाले, “आशीर्वादाचा शी दीर्घ असतो ना गं?” मी म्हटलं, “नसणार. असता तर वन्संनी सोडला असता का?”

पुढच्या आठवड्यात मी ‘फूल’ लिहिलं होतं, त्याला गोल करून त्यांनी ‘फुल’ केलं. मी मुकाट्यानं तसंच गिरवलं. वन्संनी केलं म्हणजे नियमच बदलला असणार. आता आठवलं की स्वतःची लाज वाटते. घरातलं घड्याळ मागे पडतंय आणि मी सूर्यालाच वेळ चुकल्याचं सांगत होते.

मग ते वाण्याचं प्रकरण झालं. छापखान्यात पाणीपुरवठ्याची जाहीर सूचना आली होती: ‘उद्या दिवसभर पाणी बंद राहील.’ प्रूफ बरोबर होतं. वन्संनी ‘पा’ खोडून ‘वा’ केला. वेलांटीबाईंनी केलेली दुरुस्ती, कोण पुन्हा बघतो? सूचना भिंतीभिंतींवर चिकटली: ‘उद्या दिवसभर वाणी बंद राहील.’ माणसं पिशव्या घेऊन वाण्याकडे पळाली. तो बिचारा घसा फोडून सांगतोय की मी उघडाच आहे. दुसऱ्या दिवशी घरोघरी साखर भरलेली आणि बादल्या रिकाम्या.

मालक स्वतः घरी आले, हातात ते प्रूफ. माणूस वाईट नाही. नुसता कागद पुढे ठेवला. वन्संनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग मान वर करून अगदी साधेपणानं विचारलं, “यात काय चुकलंय?”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी पदराशी चाळा करत राहिले. “बाई, तुम्ही आता आराम करा,” म्हणाले आणि चहा न घेता गेले.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, वय झालं, विसरण्याचा आजार आहे, चालायचंच. रात्री झोप नाही ना, मग ही गोळी द्या. दिली. वन्संना झोप लागली ती दिवसाही उतरेना. ब्लाउजची बटणं लावता येईनात. पेनाचं टोपण चहात बुडवून ढवळत बसल्या. एकदा गॅस चालू ठेवून बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या, वास मला आला म्हणून निभावलं. त्या दिवशी हे घरी आल्यावर हातपाय न धुता खुर्चीत बसले आणि म्हणाले, “ताईचं डोकं गेलं. मी एक संस्था बघून आलोय.”

विसरभोळ्या म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी संस्था. बाग आहे, माणसं चांगली आहेत, जेवण वेळेवर. मी विचारलं, “दारं कशी आहेत?” यांनी बुटाची नाडी सोडायला घेतली. मग म्हणाले, “बाहेरून बंद. त्यांच्या भल्यासाठीच ना.” सोमवारी फॉर्मवर सही करायची होती. आम्ही बोलत होतो तो बुधवार.

शेजारीण म्हणाली, “सुटलात हो. नणंदेचा जाच संपला. देव पावला म्हणायचा.” मी म्हटलं, “माझ्या देवाची पावती तुम्ही फाडू नका.” आणि दार लावून घेतलं. इतकं जोरात मी आयुष्यात कधी लावलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी वही उघडली. देवाची ओळ खोडलेली होती. ओळीवरून आडवी लाल रेघ, आणि समासात वाकड्यातिकड्या अक्षरांत: ‘मजकूर कुणाचा?’

राग आला नाही. भीती वाटली, आणि भीतीच्या मागून दुसरंच काहीतरी. वन्सं शब्द मोडत नाहीत. झोप मोडतील, उपास मोडतील, समोरच्याचं मन तर हमखास मोडतील. शब्द नाही. ही रेघ वन्संनी मारलेली नाही. त्यांच्या हाताकडून कुणीतरी मारून घेतलीय. आणि मला असंही दिसलं की म्हातारपणानं विसरलेलं माणूस काल विसरतं, आजही विसरतं. वन्सं सोमवारी शहाण्या, बुधवारी खुळ्या, शनिवारी पुन्हा मला टोमणे मारण्याइतक्या शहाण्या. आठवड्याच्या आठवड्याला ये-जा करणारं हे कसलं म्हातारपण?

देवाला म्हटलं, तुझी ओळ खोडलीय, आता तूच बघ. आणि तीन महिन्यांची पानं घेऊन बसले.

माझ्या वहीत सगळं असतं. कोण काय जेवलं, कुणाला शिंका आल्या, कुणाचं पोट साफ झालं. हे नेहमी हसतात, “वहीत संडाससुद्धा लिहितेस?” लिहिते. लिहिलं होतं म्हणून दिसलं. ‘वन्संचं पोट आज तिसरा दिवस नाही’, आणि त्याच्या पुढच्या पानावर लाल शाई सैरभैर. पोट झालं, की दोन दिवसांत वेलांट्या जागेवर. पुन्हा पोट अडलं, पुन्हा आशिर्वाद सुटला. असं चार वेळा. आणि झोपेची गोळी सुरू झाल्यापासूनची पानं तर बघवत नव्हती.

वन्संना उठवायला गेले. सकाळचे अकरा वाजलेले. श्वासाला कसलासा गोडसर वास, बंद डब्यात फळ जास्त दिवस राहिल्यासारखा. कप धरायला त्यांनी हात पुढे केला, तर मनगट एकदम गळून पडलं, सावरलं, पुन्हा पडलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आपण कुणाकडे आलात?”

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला ‘आपण’ म्हटलं. नको होता मला तो मान.

यांना दुकानातून बोलावलं. हे म्हणाले, “सोमवारी नेतोच आहोत ना, आता दवाखाना कशाला? तिचे हाल.” मी म्हटलं, “सोमवारचं सोमवारी. टॅक्सी खाली उभी आहे. तुम्ही येताय, की मी एकटी उचलू?” आले.

यकृताच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी वन्संना सांगितलं, “दोन्ही हात पुढे करा, गाडी थांबवतो तसे.” वन्संचे पंजे पाखरानं पंख झटकावेत तसे फडफडले. “एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा.” वन्सं म्हणाल्या, “गाय.” मग बराच वेळ गेला. “कुत्रा.” मग पुन्हा, “गाय.” यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

“कधीपासून असं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी वही पुढे केली. हे लाजून म्हणाले, “अगं, ती वही काय दाखवतेस!” पण बाईंनी उभ्या उभ्या पानं उलटली, संडासाच्या नोंदींसकट. मग विचारलं, “कुणी लिहिलं हे?”

“काळं माझं. लाल त्यांचं.”

“झोपेची गोळी आजपासून बंद,” त्या म्हणाल्या. मग आम्हाला समजावलं. आतड्यात अन्न पचताना विषारी द्रव्यं तयार होतात. अमोनिया त्यातलाच. धडधाकट यकृत गाळणीसारखं ती रक्तातून काढून टाकतं. वन्संचं यकृत निबर, त्यामुळे रक्त त्याला वळसा घालून तसंच पुढे जातं आणि ती घाण मेंदूपर्यंत पोचते. पोट तुंबलं की आणखी वाढते. वर झोपेची गोळी म्हणजे आगीत तेल. “मेंदू सडलेला नाही,” त्या म्हणाल्या. “गढूळ झालाय. आणखी थांबला असतात तर बेशुद्ध पडल्या असत्या.”

“म्हणजे वेड नाही? म्हातारपण नाही?”

“नाही.”

मी यांच्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांच्या संसारात काही नजरा राखून ठेवाव्या लागतात, त्यांतली एक मी त्या दिवशी खर्च केली.

यांनी विचारलं, “मग ताई बरी होईल?”

“यकृत नवं होणार नाही. हे पुन्हा येऊ शकतं. पण आज आलंय ते घालवता येतं.”

आधी पिचकारीनं पोट साफ केलं. मग एक घट्ट गोड सरबतासारखं औषध, दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला होईल इतक्या बेतानं. एक दुसरी गोळी, आतड्यातल्या जंतूंसाठी. कुठे जंतुसंसर्ग नाही ना, आतून रक्त जात नाही ना, तेही तपासलं. शेजारणीनं दूध-अंडी बंद करायला सांगितलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुळीच बंद करू नका, उपाशी ठेवलं तर आणखी ढासळतील.

रविवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, “आजी, प्राण्यांची नावं सांगा बघू.” वन्संनी आधी ‘आजी’वर भुवई चढवली. मग म्हणाल्या, “आमचे मालक धरून की वगळून?”

बावीस सांगितले. मालक वगळून. मी व्हरांड्यात जाऊन देवाशी जे काय बोलायचं ते बोलले.

घरी आणताना टॅक्सीत मी त्यांना सगळं सांगितलं, गाळणीचं, गढूळपणाचं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे यकृत हे शरीराचं प्रूफ तपासणारं. ते रजेवर गेलं की चुका थेट छापून येतात.” मग खिडकीबाहेर बघत हळूच, “वाणी बंद. शी. काय लिहिलं मी.”

सोमवार यायचा तो आलाच. संस्थेचे व्यवस्थापक ठरल्या वेळी फॉर्म घेऊन हजर. मला वाटलं होतं, हे त्यांना फोन करून नको म्हणाले असतील. यांनी केला नव्हता. वन्सं समोर बसलेल्या असताना हे म्हणाले, “ताई, राग मानू नको. पुन्हा येऊ शकतं म्हणाल्यात त्या. मी दिवसभर दुकानात, ही एकटी. त्या दिवशी गॅस… ही घरात होती गं.” आणि लहान मुलासारखे रडायला लागले. खोटं रडत नव्हते. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम.

व्यवस्थापक समजुतीनं म्हणाले, “फक्त कुटुंबातल्यांची सही लागते. पेशंटची लागत नाही.”

“वाचायला तरी मिळतं की तेही लागत नाही?” वन्संनी हात पुढे केला. हात स्थिर होता. ते मी बघितलं. बहुतेक सगळ्यांनीच बघितलं.

फॉर्म घेतला. ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या. अर्ध्या पानाशी थांबून माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “अगं, लाल पेन.”

दिलं. खोलीत पंख्याचा आणि पेनाचा आवाज.

“‘जेष्ठ’,” वन्सं म्हणाल्या. “ज्येष्ठ. तुमच्या पाटीवरही असंच आहे का? ‘शारिरीक’. शारीरिक. वेलांट्यांची अदलाबदल झालीय. ‘स्विकार’. दीर्घ. ‘शुश्रुषा’. अहो, शुश्रूषा करता ना तुम्ही? मग निदान लिहा तरी नीट.”

“बाई, एवढ्यानं काय होतं? अर्थ कळतो ना,” व्यवस्थापक हसून म्हणाले.

“थांबा, अर्थाकडेच येतेय.” आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, “‘सदर व्यक्तीची शुध्द हरपली असल्यामुळे तिच्या वतीने…’ हे काय लिहिलंय? धला द? द आधी, ध नंतर.” पेन खाली ठेवलं. “शुद्ध हा शब्दही ज्यांना शुद्ध लिहिता येत नाही, ते माझी शुद्ध हरपली म्हणून सांगणार?”

व्यवस्थापकांनी कागद ओढून बघितला. त्यांना खरंच दिसत नव्हतं काय चुकलंय. तो चेहरा मी ओळखला. वाण्याच्या सूचनेकडे बघताना वन्संचा तसाच झाला होता. फरक एवढाच, की व्यवस्थापकांना कुणी घरातून उचलून न्यायला आलं नव्हतं.

मग वन्सं भावाकडे वळल्या. आवाज खाली आला. “तू घाबरलास. बरोबर आहे तुझं. मीही घाबरलेय. गॅसची चावी हिच्याकडे राहू दे, औषधाची बाटली माझ्याकडे. मी वहीत चुकायला लागले की मला उचला आणि दवाखान्यात न्या. मी नाही म्हटलं, शिव्या दिल्या, तरी न्या. तेव्हाचं माझं ‘नाही’ धरू नकोस.” पेनाला टोपण लावलं. “पण आजचं धर.”

यांनी डोळे पुसले. फॉर्म उचलला आणि दोन हातांत धरला, फाडायला.

“फाडू नकोस,” वन्सं म्हणाल्या. “साहेबांबरोबर परत दे. दुरुस्त करून छापा म्हणावं. पुढच्या माणसाला तरी शुद्ध मिळू दे.”

त्याला आता आठ महिने झाले. मालक प्रूफं घरी पाठवतात, आधी एकदाच वाचून घ्यायचे, आता दोनदा घेतात. दुसऱ्यांदा वाचणाऱ्याच्या चुका वन्सं वेगळ्या काढून पाठवतात. यकृत आहे तसंच आहे. बाटली रोज लागते आणि पोटाची चौकशी मी रोज न लाजता करते.

वहीत मी आता रोज पाच चुका पेरते. वाटतं तितकं सोपं नाही. सव्वीस वर्षांच्या लाल शाईनं माझा हात सुधारलाय, मुद्दाम चुकायला डोकं खाजवावं लागतं. पाच सापडल्या, तर देवाचे आभार. चार सापडल्या, तर पोटाचं विचारायचं आणि डॉक्टरीणबाईंना फोन करायचा. तीन, तर टॅक्सी. मध्ये एकदा तीनच सापडल्या. वन्सं दाराची चौकट धरून बसल्या, मला नाही नाही ते बोलल्या. शब्दाप्रमाणे आम्ही ते ‘नाही’ धरलं नाही. तिसऱ्या दिवशी परत आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, “कुठल्या दोन सुटल्या?”

आज पाच पेरल्या होत्या. वही आली, सहा लाल गोल. सहावी चूक माझी, खरीखुरी. मला दिसलीच नव्हती.

पानाच्या डोक्यावरची ओळ मात्र जशीच्या तशी. क्रुपा आहे.